तुलेचे तांदूळ

भैयाजींच्या घरात माणसाची किंमत वर्षातून एकदा ठरायची, आणि ती तराजूवर ठरायची. नागपूरजवळच्या कुहीला त्यांची राइस मिल होती. मिलच्या मागच्या शेडमध्ये त्यांच्या वडिलांच्या काळचा एक अजस्र तराजू आढ्याला टांगलेला होता, लाकडी पारड्यांचा आणि जाड साखळ्यांचा. बाकी सगळा व्यवहार इलेक्ट्रॉनिक काट्यावर गेला, तरी हा तराजू तेवढा राहिला, कारण त्यांच्या मुलाच्या, अंकितच्या, वाढदिवसाची तांदूळतुला याच तराजूवर व्हायची. एका पारड्यात पोरगा बसायचा, दुसऱ्यात नवे तांदूळ. पारडी बरोबरीत आली की नारळ फुटायचा आणि ते तांदूळ टेकडीवरच्या महादेवाला जायचे. नियम एकच होता. तुलेचे तांदूळ तराजूवरून उचलले की थेट देवाच्या पायरीवर ठेवायचे, मध्ये त्यातले मूठभरही काढायचे नाहीत. काढले तर ज्याची तुला झाली त्याचं आयुष्य तेवढं कमी होतं, असं भैयाजींची आई सांगायची. भैयाजींनी आईचं दुसरं काही ऐकलं नसेल, पण हे मात्र ऐकलं होतं.

हिमानी ही अंकितची धाकटी बहीण. तिची तुला कधी झाली नाही. सात-आठ वर्षांची असताना तिने भर शेडमध्ये विचारलं होतं, "बाबा, माही काहून नाही?"

"पोट्टीचं वजन सासरचे पाह्यतीन," भैयाजी म्हणाले, आणि सगळी शेड हसली. यात हसण्यासारखं काय होतं ते देव जाणे. पण मालक हसला की नोकरांना हसावंच लागतं.

हसला नव्हता तो एकटा देवाजी. मिलमध्ये कट्टे, म्हणजे तांदळाची पोती, उचलणारा, बोलायला कमी, अंगाने काटक असा तो माणूस. सगळे पांगल्यावर त्याने हिमानीला उचलून पारड्यात बसवलं. तांदळाला हात लावायची त्याची छाती नव्हती, म्हणून समोरच्या पारड्यात त्याने कोंड्याची पोती टाकली. पारडं हललं आणि तिचे पाय जमिनीवरून सुटले. "पाह्य बरं, हिमाताई," तो म्हणाला, "दादापेक्षा भारी भरली तू." ते खोटं होतं हे तिला त्या वयातही कळलं. तरी पुढची कितीतरी वर्षं तिने ते खोटं जपून ठेवलं, कारण घरातलं दुसरं कुठलंच खरं तिच्या उपयोगाचं नव्हतं.

आता ती चाकणला एका मोटार कंपनीत इंजिनीअर होती. गाडीत वाळूच्या पिशव्या भरायच्या, कधी पुढे, कधी मागे, आणि मग ती गाडी वळणावर कशी वागते ते मोजायचं, हे तिचं काम. तिच्या एका शब्दावर तिथे गाडीचे स्प्रिंग बदलले जायचे. घरी भैयाजी पाहुण्यांना सांगायचे, "पोरगी पुण्याले स्टेअरिंग फिरवाचे पैसे घेते." पाहुणे हसायचे आणि हिमानी चहाचे कप आत न्यायची.

त्या वर्षी अंकित तिशीचा झाला आणि भैयाजींनी त्याला गाडी घेऊन दिली. विजेवर चालणारी, काळीभोर, आतून पांढऱ्याशुभ्र लेदरची. नागपुरात तशा दोन-चारच असतील. पायाखालचं पॅडल दाबलं की माणसाची पाठ सीटला चिकटायची आणि पोट मागे राहून जायचं. हुडकेश्वरच्या त्यांच्या बंगल्यासमोर गल्लीतली पोरं तिच्याबरोबर फोटो काढायची. अंकितला वाटायचं ते त्याच्याबरोबर काढतात. अंकित वाईट नव्हता, लाडाने सडलेला होता. सडलेल्या फळाला वाईट म्हणू नये असं कोणाला वाटत असेल, तर त्याने म्हणू नये.

भैयाजींना त्या गाडीतलं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर तिचं वजन. "तेवीस क्विंटल!" ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. "सगळी बॅटरी बुडाखाली. कोनाच्या बापाची उलटत नाही." भैयाजींनी तरुणपणी कुहीच्या चिखलात जीप चालवली होती. रिकामी जीप पावसात घसरायची, मग ते मागे चार कट्टे टाकायचे आणि जीप रस्ता धरायची. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एक सूत्र पक्कं बसलं होतं, की वजन असलं म्हणजे गाडी जमीन धरते. जीपच्या बाबतीत ते खरंही होतं. अर्धवट खऱ्यासारखं हट्टी दुसरं काही नसतं.

तिशी आणि नवी गाडी असा दुहेरी योग म्हणून भैयाजींनी यंदा दुहेरी तुला बोलली. अंकित आता चांगला क्विंटलभर झाला होता. म्हणजे दुहेरीचे दोन क्विंटल, पंचवीस किलोचे आठ कट्टे. ते नव्या गाडीतूनच देवाला जायचे होते.

वाढदिवसाच्या सकाळी मिलमध्ये तुला झाली, नारळ फुटला, आणि देवाजी एकेक कट्टा पाठीवरून आणून गाडीच्या डिकीत रचू लागला. त्याची दाढी आता पांढरी झाली होती, पण पाठ तीच होती. हिमानी बाजूला उभी राहून पाहत होती. पाचवा कट्टा आत गेला तेव्हा तिला राहवलं नाही.

"बाबा, हे सारं मागं नका टाकू. मागच्या चाकाच्याही मागं दोन क्विंटल होऊन राहिले."

"मंग?"

"मंग हे गाडी वळणावर ऐकणार नाही. पळताना ते वजन लपवते, बाबा, मोटर एवढी तगडी हाय की पत्ताच लागत नाही. पण वळवतात टायर. चार टायर मिळून जमिनीले टेकतात किती, तं चार तळहात. तेवीस क्विंटल त्या चार तळहातावर फिरवाचे हायेत. त्यात शेपटीले एवढं बांधलं, अन् दादानं भर वळणात पॅडलवरचा पाय उचलला, तं संपलं. पाय उचलला की हे गाडी स्वतःहून ब्रेक लावते, मागची चाकं आवळते. शेपटी बाहेर फेकली जाईन."

"शेपटी!" भैयाजी म्हणाले. "म्हैस हाय का वं ते?"

शेड हसली. तीच शेड, तेच हसणं. हसणारी निम्मी माणसं नवी होती, पण हसायची रीत जुन्यांकडून शिकलेली होती.

"बरं, काढू नका. निदान मागच्या सीटखाली ठेवा, मधात. अर्धं काम होईन."

"वेडी झाली का?" अंकित म्हणाला. "पांढरं लेदर हाय, कट्ट्याचा कोंडा लागीन."

"हिमानी," भैयाजी आता हसत नव्हते, "वजन असलं म्हंजे गाडी जमीन धरते. हे मी तुह्या जन्माच्या आधीपासून पाहून राहिलो. चार बुकं शिकली तं नाकापेक्षा मोती जड झाला. चाला, पोहे थंडे होऊन राहिले."

सगळे ऑफिसात तर्री-पोहे खायला गेले. हिमानी गाडीपाशी राहिली. तिला या घराकडून जमीन नको होती, मिल नको होती, गाडी तर मुळीच नको होती. तिला एवढंच हवं होतं की एकदा, आयुष्यात फक्त एकदा, बापाने तिचा शब्द उडवून न लावता तोलून पाहावा. बस. आणि तेवढंही त्या घरात महाग होतं.

"देवाजीकाका," ती म्हणाली, "अर्धे कट्टे काढू आपण. तुमच्या मोपेडवरून न्या."

देवाजीने डिकीकडे पाहिलं, मग ऑफिसच्या दाराकडे. "तुलेतले काढले तं भैयाजी जीव घेतीन, ताई."

"पायरीवर आठच पोचतीन. दोन गाड्यानं गेले, एवढंच. कोनाले कळणार पण नाही."

"मी तं देवाले मानत नाही, तुले माहीत हाय. आमच्या घरी बुद्ध अन् बाबासाहेब. तांदूळ कोनत्या गाडीतून गेले याचं मले काही नाही." त्याने डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. "पण तू म्हणून राहिली म्हंजे काही कारण असीन. पायरीपाशी ठेवून देतो अन् बाजूले उभा राह्यतो. अर्धे नाही मावत मोपेडवर. दोन नेतो."

त्याने दोन कट्टे उचलून मोपेडवर बांधले, एक पायांशी आणि एक मागे. बांधता बांधता बायकोला फोन लावून सांगितलं की हिमाताईने एक काम दिलंय, जेवायला उशीर होईल. त्याने मोपेड चालू केली आणि तो फाटकातून बाहेर पडला.

डिकीत सहा उरले. आठाचे सहा झाल्याने काय होणार होतं? काही होणार नव्हतं. हे तिच्याइतकं त्या मिलमध्ये कोणाला ठाऊक होतं? काढायचे तर सगळे काढायला हवे होते, गाडीच्या आडवं उभं राहायला हवं होतं, गळा काढून ओरडायला हवं होतं. पण एकदा हसं झालेल्या माणसाला पुन्हा तोंड उघडायला फार मोठी छाती लागते. दोन कट्टे काढून तिने स्वतःची समजूत घातली, की आपण काहीतरी केलं. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनाच्या एका कोपऱ्याला वाटत होतं, फेकू दे शेपटी. थोडीशी. दोघांची बोबडी वळेल इतपत. मग कळेल म्हैस कोण ते. ऑफिसातून माणसं बाहेर येताना ऐकू आली तशी तिने डिकी लावून टाकली.

अंकित स्टेअरिंगवर बसला आणि त्याच्या शेजारी भैयाजी. मागून जुन्या जीपमध्ये हिमानी आणि तिची आई, शोभाताई. शोभाताईंच्या मांडीवर पूजेचं ताट होतं. निघता निघता अंकितने काच खाली करून बहिणीला समोरचा स्क्रीन दाखवला. तिथे लाल अक्षरं पेटली होती. त्याने गाडी शर्यतीच्या मोडमध्ये टाकली होती. गाडी घसरू लागली तर एरवी तीच एकेक चाक आवळून माणसाला सावरते. या मोडमध्ये ती हात काढून घेते, कारण शर्यतीवाल्यांना आपलं आपण सावरता येतं असा तिचा समज असतो.

"दादा, ते बंद कर!" हिमानी ओरडली. काच वर गेली होती. काळी गाडी आवाजही न करता निघाली आणि मिलच्या फाटकात नुसती धूळ उरली.

"तू काहून मधात पडतं वं त्याच्या?" शोभाताई म्हणाल्या. "वाढदिवस हाय. बापाचं मन मोडू नये."

"आई, माह्यं मन कोनी मोडलं तं तुले काही वाटते का?"

शोभाताईंनी ताटातला दिवा नीट केला. या घरात त्यांनी आयुष्यभर दिवेच नीट केले होते.

कुहीच्या पुढे रस्ता सरळ आहे. दोन्ही बाजूंनी कापलेल्या धानाची खुंटं, मधून मधून पळसाची झाडं. अंकित मुद्दाम हळू जात होता. जीप जवळ आली की तो पॅडल दाबायचा आणि गाडी दगड भिरकावल्यासारखी पुढे जायची. मग पुन्हा हळू. हिमानीला पुढच्या काचेतून बापाचं डोकं दर वेळी सीटवर आपटताना दिसत होतं, आणि दर वेळी त्यांचा हात वर होत होता. आणखी दाब, असं तो हात सांगत होता. बापलेक इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकत्र खेळत होते. तिला त्यांचा हेवा वाटला आणि त्या हेव्याची लाजही वाटली.

पुढे तलावाची पाळ लागते. रस्ता पाळीला वळसा घालून टेकडीकडे उतरतो. लांबलचक वळण, एका बाजूला पाळ आणि दुसऱ्या बाजूला धानाच्या शेताची खोलगट बांधी. अंकितने सरळ रस्त्याचा शेवट होईपर्यंत पॅडल दाबून ठेवलं आणि तसाच वळणात शिरला. गाडी कलली नाही, कुरकुरली नाही. ती कलतच नाही, हेच तर तिचं सोंग. जुनी जीप वळणावर कलंडायची, दारं खडखडायची, आणि माणसाला आपोआप भ्यायला लावायची. ही शेवटपर्यंत शहाण्यासारखी सपाट राहते आणि मग एकदम सोडून देते.

वळणाच्या मध्यावर देवाजीची मोपेड होती. रस्त्याच्या कडेने, हळूहळू, दोन कट्टे सांभाळत.

हिमानीला मागून फक्त लाल दिवे दिसले. दिवे लागले म्हणजे अंकितने पाय उचलला. कोणीही उचलला असता. समोर माणूस दिसल्यावर पाय उचलणं हा काही गुन्हा नाही. तिच्या तोंडून "नको" निघालं आणि तेवढ्यात काळ्या गाडीचा मागचा भाग बाहेरच्या बाजूला निघाला, घाई न करता, दार उघडावं तसा. सहा कट्टे आणि सगळी गाडी मिळून तो फिरला. पुढचं तोंड पाळीकडे वळलं, शेपटी बांधीकडे झाडत गेली, आणि त्या शेपटीच्या वाटेत देवाजी होता.

गाडी पूर्ण गोल फिरून बांधीत उतरली आणि चारही चाकांवर उभी राहिली. भैयाजी म्हणाले होते ते खरं झालं. ती उलटली नाही.

हिमानी धावली. देवाजी रस्त्याच्या कडेच्या दगडांशी पडला होता. त्याचं फडकं सुटलं होतं. दोन्ही कट्टे फाटले होते आणि तांदूळ रस्ताभर झाले होते, त्याच्या दाढीत, त्याच्या उघड्या हातात. तिने त्याच्या तोंडावरचे तांदूळ पुसले. मग गळ्याशी बोटं धरली, खूप वेळ धरली. तिथे काहीच नव्हतं.

बांधीतून अंकित चढून आला. त्याचा ओठ फुटला होता, एवढंच. "मी फक्त पाय उचलला," तो म्हणत होता. "मी काहीच नाही केलं, मी फक्त पाय उचलला." त्या रस्त्यावर त्या वाक्याचा अर्थ कळणारी एकच व्यक्ती होती.

भैयाजींना खरचटलंही नव्हतं. ते आधी रस्त्यावरच्या तांदळाकडे बघत राहिले. मग परत बांधीत उतरले, डिकी उघडली आणि बोट लावून कट्टे मोजले. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तो देवाजीसाठी नव्हता.

"तुला फोडली यानं," ते म्हणाले. "माह्या पोराच्या तुलेतले कट्टे चोरून नेऊन राहिला होता. म्हणून झालं हे. महादेवानं पोरगं वाचवलं अन् चोराले दाखवलं."

"बाबा," हिमानी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

माणसं जमली. जवळच्या गावातून मीराबाईला, देवाजीच्या बायकोला, कोणीतरी मोटारसायकलवरून आणलं. तिने नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. मोठ्याने रडली नाही. कुहीहून पोलीस आले तोवर भैयाजींची गोष्ट तीन वेळा सांगून झाली होती आणि दर वेळी ती जास्त खरी वाटत होती. चोर, असं कोणीतरी मागे कुजबुजलं. तेव्हा मीराबाईने मान वर केली.

"चोर नाहीत ते. सकाळी मले फोन केल्ता. हिमाताईनं दोन कट्टे देल्ले म्हने, मंदिरापाशी ठेवाले. इचारा ताईले. थे उभी हाय नं."

सगळे हिमानीकडे वळले. फौजदारही वळला. भैयाजी तिच्याजवळ आले, अगदी जवळ, आणि त्यांनी आवाज खाली आणला. असा आवाज त्यांनी तिच्याशी बोलताना कधी वापरला नव्हता. तो फक्त मोठ्या व्यापाऱ्यांसाठी राखलेला असायचा.

"हिमानी, मी बोललो तं लोकं म्हणतीन बाप पोराले वाचवून राहिला. तू सांग. तू या गाड्याइची इंजिनीअर. तुह्या शब्दाले वजन हाय." त्यांनी तिचा हात धरला. "तुह्या दादाचं आयुष्य हाय, बेटा."

बेटा. हा शब्द त्या घरात अंकितचा होता. तिला सगळं सांगायचं होतं. कट्टे मीच दिले. गाडी मागून जड होती. मी सकाळी सांगितलं होतं आणि तुम्ही हसलात. ती वाक्यं तिच्या तोंडाशी ओळीने उभी होती. आणि बाप तिच्या तोंडाकडे पाहत होता, वाट पाहत होता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्या पाहण्याची भूक किती वाईट असते ते ज्याला नेहमी पोटभर मिळालं त्याला कळायचं नाही. तरीही तिची बाजू घेऊ नये. भूक लागली म्हणून कोणी मेलेल्या माणसाच्या ताटातलं ओढून घेत नाही.

"मॅडम, गाडीत काही बिघाड होता का?" फौजदाराने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. नागपूरची बोली तिच्या तोंडून गेली होती. ती ऑफिसातल्या मराठीत बोलत होती, स्वच्छ आणि थंड. "गाडी व्यवस्थित होती. मोपेडवर क्षमतेपेक्षा जास्त वजन होतं. वळणावर चालकाचा तोल गेला आणि तो मध्ये आला."

"आणि कट्टे तुम्ही दिले होते?"

शोभाताईंच्या हातात अजून पूजेचं ताट होतं. दिवा केव्हाच विझला होता.

"मला माहीत नाही," हिमानी म्हणाली.

"लिहा, साहेब," भैयाजी म्हणाले, आणि त्यांचा हात तिच्या पाठीवर आला. "माह्या पोरीनं सांगतलं ते लिहा."

मीराबाईची नजर हिमानीवरून हलली नाही. मग तिने मान खाली घातली आणि नवऱ्याच्या दाढीतले तांदूळ एकेक करून वेचू लागली.

प्रकरण मिटायला फार वेळ लागला नाही. बापाकडे माणसं होती आणि लेकीकडे डिग्री होती. गाडी दुरुस्त होऊन आली. अंकित काही महिने तिच्यात बसला नाही, मग बसला. मिलमध्ये धान पाखडायला जाणाऱ्या मीराबाईला कोणी जा म्हटलं नाही. फक्त ती आली की बायका आपापल्या पिशव्या जवळ ओढून घ्यायच्या. मग तीच यायची थांबली.

हिमानीच्या वाढदिवसाला चाकणला फोन आला. भैयाजींचा. आजवर त्या दिवशी आईचाच यायचा.

"ये. यंदा तुही तुला कराची हाय."

ती गेली. का गेली ते तिलाही धड सांगता आलं नसतं, पण ती गेली हे खरं. शेडमध्ये फुलांच्या माळा होत्या. ती पारड्यात बसली, साखळ्या कुरकुरल्या, समोर तांदूळ पडू लागले आणि तिचे पाय जमिनीवरून सुटले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. या वेळी कोणी हसलं नाही. ती बारीक अंगाची होती, पन्नास किलोंची. बरोबर दोन कट्टे भरले.

"हे देवाले नको," भैयाजी म्हणाले. त्यांना गहिवरून आलं होतं. चांगुलपणाचा झटका आला की त्यांना नेहमीच गहिवरून यायचं. "देवाजीच्या घरी पाठव. त्यानं केलं ते केलं, बायकोनं काय केलं? आपण मन मोठं ठेवावं."

दुसऱ्या कोणाबरोबर पाठवायला तिचा धीर झाला नाही. ती स्वतः जीप घेऊन गेली. मीराबाईचं घर गावाच्या टोकाला, निळ्या दाराचं. दारातून आत देवाजीचा हार घातलेला फोटो दिसत होता. हिमानीने कट्टे उतरवायला हात लावला तेव्हा मीराबाई म्हणाली, "राहू द्या." तिने एक कट्टा पाठीवर घेऊन आत ठेवला, मग परत येऊन दुसरा. नको म्हणायची चैन तिला परवडणारी नव्हती. घरात दोन महिन्यांपासून विकतचं येत होतं, आणि तेही थोडं.

हिमानी वळून जीपकडे निघाली.

"थांबा, ताई. चिठ्ठी लिहून द्या."

"कशाची?"

"हे कट्टे तुमी देल्ले म्हणून. नाही तं उद्या कोनी म्हणीन, इनं चोरले."

आतून कागद आला, शाळेच्या वहीचा फाडलेला. पेनही आलं. हिमानीने जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला. अक्षरं नेहमीपेक्षा मोठी आली. *हे दोन कट्टे तांदूळ मी स्वतः दिले आहेत. हिमानी.* तिने तो कागद पुढे केला. मीराबाईने घेतला नाही.

"वाचून दाखवा."

"तुम्हाला वाचता येत नाही का?"

"येते," मीराबाई म्हणाली. "आयकाचं हाय."

शेजारच्या दोन घरांतली माणसं दारात आली होती. हिमानीने कागद डोळ्यांसमोर धरला.

"हे दोन कट्टे तांदूळ मी स्वतः दिले आहेत," तिने वाचलं.

"मोठ्यानं."

तिने पुन्हा वाचलं, मोठ्याने. मीराबाईने तिच्या हातातून कागद घेतला, त्याची नीट घडी घातली आणि देवाजीच्या फोटोच्या मागे ठेवली. मग ती परत आली आणि हिमानी दारात उभी असतानाच तिने दार लावून घेतलं.